फुल ॲक्सेस आणि सेंड ॲज: एकाच मेलबॉक्सचे दोन वेगळे अधिकार

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम साधारणपणे जानेवारी ते एप्रिल असा चालतो आणि या काळात पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी भागांतल्या निर्यातदारांना कागदपत्रांच्या कामासाठी हंगामी माणसे घ्यावी लागतात. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनरचा तपशील आणि युरोपातल्या खरेदीदाराशी होणारा पत्रव्यवहार यांसाठी सहसा एकच सामाईक मेलबॉक्स असतो. नव्या माणसाला त्याचा ॲक्सेस द्यावा, असा निरोप आयटी सांभाळणाऱ्याकडे येतो आणि तो दिल्यावर थोड्याच वेळात दुसरा निरोप येतो: "सर, मेल दिसतायत, पण पाठवता येत नाहीयेत."

यात बिघाड काहीच नसतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या ईमेल सेवेत मेलबॉक्स उघडणे आणि त्या मेलबॉक्सच्या नावाने मेल पाठवणे हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत. पहिल्याला फुल ॲक्सेस आणि दुसऱ्याला सेंड ॲज म्हणतात. फुल ॲक्सेस मिळालेली व्यक्ती मेलबॉक्समधले सर्व मेल वाचू शकते, हलवू शकते, पुसूनही टाकू शकते. मात्र 'फुल' या शब्दावरून वाटते तसा पाठवण्याचा अधिकार त्यात येत नाही. उलट, केवळ सेंड ॲज असलेल्या व्यक्तीला मेलबॉक्सच्या आतले काहीही दिसत नाही, पण तिने पाठवलेला मेल समोरच्याला थेट कंपनीच्या पत्त्यावरून आलेला दिसतो आणि तो कोणी लिहिला याचा त्यावर मागमूस नसतो. सेंड ऑन बिहाफ हा तिसरा अधिकार आहे, ज्यात पाठवणाऱ्याचे नावही दिसते. एकाच व्यक्तीला सेंड ॲज आणि सेंड ऑन बिहाफ हे दोन्ही दिले असतील तर सेंड ॲज लागू होतो.

कार्यालयाच्या कपाटाची किल्ली आणि कंपनीचा शिक्का आपण एकाच विश्वासावर कोणाच्या हाती देत नाही, तसाच हा फरक आहे. किल्लीवाला आतले कागद गहाळ करू शकतो. शिक्केवाला कंपनीच्या नावाने दर मान्य करू शकतो किंवा बँक खाते बदलल्याचे कळवू शकतो. माझ्या मते सेंड ॲजची जोखीम अधिक आहे आणि तरीही बहुतेक ठिकाणी दोन्ही अधिकार एकाच विनंतीत, एकाच सहीवर दिले जातात.

व्यवस्थापन स्वयंचलित करताना हा फरक आणखी ठळक होतो, कारण दोन्हींची नोंद वेगवेगळ्या जागी राहते. फुल ॲक्सेस मेलबॉक्सवर नोंदला जातो आणि पॉवरशेलमध्ये (मायक्रोसॉफ्टची लिखित कमांड देण्याची सोय) ॲड-मेलबॉक्सपरमिशन या कमांडने दिला जातो. सेंड ॲज मात्र डिरेक्टरीतल्या, म्हणजे कंपनीच्या सर्व खात्यांच्या व पत्त्यांच्या सूचीतल्या, त्या पत्त्याच्या नोंदीवर बसतो, म्हणून त्याची कमांड ॲड-रेसिपियंटपरमिशन अशी वेगळी आहे. तपासणीच्या कमांडही वेगळ्याच आहेत. त्यामुळे केवळ गेट-मेलबॉक्सपरमिशनच्या आधारे केलेला अहवाल कितीही नेटका दिसला, तरी तो अर्धाच असतो आणि सुटलेला अर्धा भाग नेमका शिक्क्याचा असतो.

माणसे बदलत राहणार असतील तर दोन्ही अधिकार सुरक्षा गटाला द्यावेत आणि पुढे फक्त गटातले सदस्य बदलावेत, हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो. गट मेल-एनेबल्ड, म्हणजे स्वतःचा ईमेल पत्ता असलेला, असला पाहिजे, एवढीच त्याची अट आहे. सेंड ॲजसाठी हा मार्ग खरोखर पुरेसा आहे. फुल ॲक्सेसबाबत मात्र ऑटोमॅपिंग आडवे येते. एखाद्या व्यक्तीला थेट फुल ॲक्सेस दिला की काही वेळाने तो मेलबॉक्स तिच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये आपोआप डाव्या बाजूला येतो. तोच अधिकार गटामार्फत मिळाला तर मेलबॉक्स आपोआप येत नाही, प्रत्येकाला तो हाताने जोडावा लागतो. हंगामाच्या घाईत हे शिकवत बसायला कोणालाच सवड नसते.

म्हणून फुल ॲक्सेससाठी गट हा केवळ यादी म्हणून ठेवावा आणि रोज रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने (कमांडच्या छोट्या प्रोग्रामने) त्या यादीतल्या माणसांना थेट अधिकार द्यावेत. स्क्रिप्ट गटाचे सदस्य वाचते, मेलबॉक्सवर सध्या कोणाला अधिकार आहेत ते वाचते आणि दोन्हींतला फरक काढून जे नवीन आहेत त्यांना जोडते व जे गटातून गेले त्यांना काढते. ती सर्व्हरवर किंवा ॲझ्युर ऑटोमेशन या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत चालवता येते, मात्र कोणाचाही पासवर्ड फाइलमध्ये लिहून ठेवण्याऐवजी डिजिटल प्रमाणपत्रावर आधारित लॉगिन वापरावे.

ही स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा तिला आवर घालण्यात जास्त विचार लागतो. मेलबॉक्सच्या अधिकारांच्या यादीत 'एनटी ऑथॉरिटी, सेल्फ' अशी नोंद कायम असते. ती मेलबॉक्सची स्वतःची असल्यामुळे, तसेच वारशाने आलेल्या नोंदीही, तुलनेतून आधीच वगळाव्या लागतात. एका गटात दुसरा गट असेल तर आतल्या सदस्यांपर्यंत पोहोचावे लागते. तुलना नावावर न करता लॉगिनच्या पत्त्यावर किंवा ओळख क्रमांकावर करावी, कारण एकाच नाव-आडनावाची दोन माणसे एका कंपनीत असणे आपल्याकडे नवलाचे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडणी तुटून गटाची यादी रिकामी आली, तर स्क्रिप्टने कोणालाही न काढता थांबले पाहिजे, नाहीतर सकाळी कंटेनर निघायच्या वेळी एकाच्याही आउटलुकमध्ये तो मेलबॉक्स नसेल.

सेंड ॲजसाठी इतकी यातायात लागत नाही, पण त्याचा गट फुल ॲक्सेसच्या गटापेक्षा वेगळा आणि लहान असावा, त्यात नाव घालण्यापूर्वी विभागप्रमुखाची मंजुरी घ्यावी आणि हंगामी माणसाच्या नावापुढे शेवटची तारीख लिहावी, असा माझा आग्रह आहे. त्या तारखेला नाव गटातून काढणे स्क्रिप्टवर सोपवता येते. ज्यांनी सेंड ऑन बिहाफ निवडला आहे, त्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी: सेट-मेलबॉक्स कमांडला सरळ एक नाव दिले तर जुनी यादी पुसली जाऊन तेवढेच नाव उरते; यादीत भर घालायची असेल तर ते 'ॲड' या स्वरूपातच द्यावे लागते.

माणूस काम सोडून गेल्यानंतरचा एक प्रश्न फक्त सेंड ॲज आणि सेंड ऑन बिहाफ यांच्याबाबत उद्भवतो. सामाईक मेलबॉक्सच्या नावाने पाठवलेल्या मेलची प्रत मुळात पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटम्समध्ये राहते. त्याचे खाते काढून टाकले की ३० दिवसांनंतर ते परत आणता येत नाही, आणि आयातदाराला पाठवलेली उत्तरेही त्याबरोबर जातात. मेलबॉक्सवर मेसेज-कॉपी-फॉर-सेंट-ॲज-एनेबल्ड हे सेटिंग चालू केले तर प्रत्येक मेलची प्रत सामाईक मेलबॉक्समध्येही राहते. सेंड ऑन बिहाफसाठी असेच वेगळे सेटिंग आहे, आणि ही दोन्ही सेटिंग्ज माणसे कामावर येण्याआधी, मेलबॉक्स तयार करतानाच चालू करावी लागतात, कारण आधी गेलेल्या मेलच्या प्रती त्यामुळे मागाहून गोळा होत नाहीत.