हर्ष आणि हॉरर एकाच घरचे

फोंड्याला मी बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा एका वहीत वाक्य सापडलं : ‘आय ॲम अब्हॉरिंग बिटर गोर्ड.’ शब्दकोशात ‘अब्हॉर’ म्हणजे तीव्र तिरस्कार करणे आणि पोराला कारलं बघवत नाही, मग चुकलं कुठे? दोन ठिकाणी. हे क्रियापद मनाची स्थिती सांगतं, हातात चाललेलं काम नव्हे. त्यामुळे ‘नो’ किंवा ‘बिलीव्ह’प्रमाणे ते सहसा चालू काळात येत नाही. दुसरी चूक वजनाची. अब्हॉर करायचं ते हिंसेला, छळाला, गुलामगिरीला. कारल्याला ‘हेट’ पुरे, फार तर ‘लोद’. थट्टेत मात्र अब्हॉरही खपतं, तेव्हा मार्क अर्धाच कापला.

पण शब्दाची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. लॅटिनमध्ये ‘होर्रेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणे, थरथरणे. ‘अब’ म्हणजे दूर. समोरचं पाहून अंगावर काटा यावा आणि पाऊल आपोआप मागे पडावं, तसं काहीसं. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. हॉरर आणि हॉरिबल त्याची भावंडं. आपल्याला जास्त जवळचा नातेवाईक मात्र संस्कृतात बसला आहे : ‘हृष्’ हा धातू. भाषाशास्त्रज्ञ होर्रेरे आणि हृष् यांचं मूळ एकच मानतात, केस फुलून उभे राहणे. म्हणजे आपला हर्ष आणि हॉलिवूडचा हॉरर चुलत भाऊ! पटत नसेल तर गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाला तिथे रोमहर्ष होतो, तो काही आनंदाने नव्हे.

एकाच मुळातून भीती आणि आनंद कसे निघाले, याचं उत्तर कातडीखाली आहे. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आपल्या इच्छेने हलत नाही, स्वायत्त मज्जासंस्थेचा हुकूम आला की आकसतो आणि केस उभा राहतो. कुत्रा दिसला की मांजर फुगतं ते याच युक्तीने. साळिंदराचे काटे म्हणजे जाड, कठीण झालेले केसच, आणि तेही स्नायूच उभारतात. आपल्या अंगावर फुगून दाखवण्याजोगे केस फारसे उरले नाहीत, स्नायू मात्र तैनात आहेत. थंडी असो, भुताची गोष्ट असो, नाहीतर शिगम्यात ढोल-ताशांचा ठेका चढलेला असो, त्यांना मिळणारा हुकूम एकच.

गोव्यात या लॅटिन शब्दाची दुसरी शाखाही पोचली, 1510 मध्ये पोर्तुगीजांबरोबर. पोर्तुगीजमधलं ‘अबोर्रेसेर’ हे अब्हॉरचं सख्खं भावंड, पण त्याचं विष पार उतरलंय. आज त्याचा अर्थ वैताग आणणे, कंटाळा आणणे. 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले माझे आजोबा पाऊस चार दिवस हटला नाही की आरामखुर्चीत पडून ‘अबोर्रेसीदु’ म्हणत सुस्कारा टाकायचे. इंग्रजाचा जिथे थरकाप, तिथे आजोबांची जांभई.

शब्द असे घसरतातच. आपली ‘घृणा’ बघा. संस्कृतात तिचा एक अर्थ चक्क करुणा, दया. आता आपण ती तिटकाऱ्यासाठी वापरतो, पण बातमीत ‘निर्घृण खून’ वाचताना तिथे जुनी घृणाच उभी असते : दयेचा लवलेश नसलेला.

कडू चव आणि अन्याय, दोन्हींना आपण एकाच भाषेत ‘शी!’ म्हणतो, हा निव्वळ अलंकार आहे का? 2009 मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना वाईट चवीचे द्रव पाजले, किळसवाणी चित्रं दाखवली आणि पैशांच्या खेळात अन्यायकारक वाटणी केली. वरचा ओठ उचलून नाक मुरडणारा चेहऱ्याचा स्नायू तिन्ही वेळी आकसला. म्हणजे कारल्यावर अब्हॉर खर्च करणारा आमचा विद्यार्थी अगदीच वाट चुकलेला नव्हता.

विज्ञानाच्या पुस्तकात हे क्रियापद एका जुन्या वचनात भेटतं : निसर्ग पोकळीला अब्हॉर करतो. पंपाने हवा ओढली की पोकळी नको म्हणून निसर्ग पाणी वर धाडतो, अशी समजूत होती. मग साधारण दहा मीटरवर पाणी का अडतं? तिथून वर निसर्गाचा तिरस्कार संपतो की काय? 1643 मध्ये तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाची नळी पुढे आली : पाऱ्याने भरलेली, पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केलेली. पारा 76 सेंटिमीटरवर थांबला आणि वर पोकळी खुशाल राहिली. निसर्गाला कसलाच तिटकारा नव्हता, बाहेरची हवा द्रवाला वर ढकलत होती, तिची ताकद तेवढीच. पाण्याच्या बाबतीत ती सुमारे 10.3 मीटर.

आमच्या घरची बांय, म्हणजे विहीर, खोल आहे. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की काठावरची मोटर नुसती घरघरते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काठावरून वाकून पाहिलं आणि सांगितलं, ‘वरून ओढायचं नाही. मोटर पाण्यात सोडा, खालून ढकलू दे.’ तोरिचेल्ली त्याच्या ओळखीचा नसावा.