मॅकगिल विद्यापीठाचा आइस हॉकी क्लब : सुरुवातीचा काळ

कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा क्लब. स्थापना १८७७. आइस हॉकीसाठीच स्थापन झालेला हा जगातील पहिला संघटित क्लब मानला जातो. ३१ जानेवारी १८७७ रोजी त्याचा पहिला सामना झाला.

पार्श्वभूमी : गोठलेल्या तळ्यांवर काठ्यांनी चेंडू टोलवण्याचे खेळ कॅनडात आधीपासूनच खेळले जात. नोव्हा स्कोशियातील मिकमॅक हे मूलनिवासी लोक त्यासाठी लाकडाच्या स्टिक घडवत. त्याच प्रांतातील हॅलिफॅक्सचा जेम्स क्रायटन हा तरुण अभियंता नोकरीनिमित्त माँट्रियलला आला. ३ मार्च १८७५ रोजी त्याने तिथल्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे छपराखाली, प्रत्येकी नऊ खेळाडूंचा सामना भरवला. त्याच्या संघाने तो २-१ असा जिंकला. या खेळाडूंमध्ये मॅकगिलचे विद्यार्थीही होते.

चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून त्या दिवशी लाकडाची सपाट, गोल चकती वापरली गेली. पुढे ‘पक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तूचे हे पूर्वरूप. रिंक २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होती. आजच्या उत्तर अमेरिकी रिंकचे माप २०० बाय ८५ फूट आहे. एका इमारतीच्या भिंतींनी ठरवलेले माप जवळपास तसेच टिकून राहिले, ही या खेळाच्या इतिहासातील फार बोलकी गोष्ट आहे.

क्लब आणि नियम : एका संध्याकाळी रंगलेल्या सामन्याची परंपरा होईलच असे नाही. ती होण्यासाठी सराव करणारी, प्रतिस्पर्धी शोधणारी आणि दर वर्षी नवी माणसे जोडणारी मंडळी लागतात. विद्यापीठात ही सोय आपोआप होती. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली की दुसरी आत येई, शिवाय शिक्षणाचे सत्र आणि बर्फाचा हंगाम एकाच वेळी चाले. रिंकही आवारापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. मॅकगिलचे महत्त्व खेळ शोधण्यापेक्षा तो टिकवण्यात अधिक आहे. क्रायटनने स्वतः याच विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले.

२७ फेब्रुवारी १८७७ रोजी ‘माँट्रियल गॅझेट’मध्ये खेळाचे सात नियम छापून आले. ते बहुतांशी इंग्लंडमधील मैदानी हॉकीवरून घेतलेले होते. खेळ सुरू व्हायचा तो ‘बुली’ने. आपल्याकडे जुन्या पिढीतील हॉकीपटूंना ही बुली ठाऊक आहे : दोघांनी समोरासमोर उभे राहून स्टिक आधी जमिनीला, मग एकमेकांच्या स्टिकला टेकवायची आणि चेंडूवर झेप घ्यायची. स्टिक खांद्याच्या वर उचलायला बंदी होती. पाठीमागून धडक देणे, पाय घालून पाडणे आणि लाथ मारणेही निषिद्ध होते. खेळाडूने नेहमी चेंडूच्या मागे राहायचे असल्यामुळे पुढे पास देता येत नसे, स्वतः मुसंडी मारावी लागे. नियमांत शब्द मात्र ‘चेंडू’ असाच आहे. बर्फावर चकती आली तरी कागदावर गवताचा खेळ शिल्लक होता.

मॅकगिलच्या काही माजी विद्यार्थ्यांनी पुढे असा दावा केला, की हे नियम आपण १८७९ मध्ये तयार केले. त्यांनी खेळाला हातभार लावला असेल, पण १८७७ चे छापील नियम समोर असताना पहिलेपणाचा दावा टिकत नाही.

१८८१ मधील मॅकगिल संघाचे माँट्रियलच्या क्रिस्टल पॅलेस रिंकवर काढलेले छायाचित्र उपलब्ध आहे. गणवेशातील आइस हॉकी संघाच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते. त्या काळी गोलला जाळी नव्हती. खांबांमागे बर्फावरच उभा राहिलेला पंच गोल झाला की नाही ते डोळ्यांनी ठरवी. जाळी आली ती शतकाच्या अखेरीस.

विंटर कार्निव्हल, १८८३ : माँट्रियलच्या पहिल्या हिवाळी महोत्सवात आइस हॉकीची स्पर्धा ठेवण्यात आली. मॅकगिल, माँट्रियल व्हिक्टोरियाज आणि क्वेबेक असे तीन संघ उतरले. सामने सेंट लॉरेन्स नदीच्या गोठलेल्या पात्रावर झाले आणि नऊऐवजी सात खेळाडूंचा संघ याच स्पर्धेपासून रूढ होऊ लागला. मॅकगिलने विजेतेपद मिळवले. बाहेरगावचा संघ आल्यामुळे हा खेळ माँट्रियलपुरता राहिला नाही, म्हणून निकालापेक्षाही या स्पर्धेचे मोल मोठे आहे.

नंतरचा काळ : १८८६ मध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर हॉकी असोसिएशन ऑफ कॅनडाच्या संस्थापक संघांत मॅकगिल होते. त्याच वर्षी किंग्स्टन येथे क्वीन्स विद्यापीठ आणि रॉयल मिलिटरी कॉलेज यांच्यात सामना झाला. अमेरिकेत येल आणि जॉन्स हॉपकिन्स १८९६ मध्ये समोरासमोर आले.

क्रायटन १९३० मध्ये ओटावा येथे वारला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसवला गेला तो २००९ मध्ये. मॅकगिलच्या पुरुष संघाला राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद पहिल्यांदा मिळाले २०१२ मध्ये, स्थापनेनंतर १३५ वर्षांनी. अंतिम सामना जादा वेळेत गेला होता.