मधपेट्यांची पावसाळी बेगमी : गोव्याच्या संदर्भात पार्श्वभूमी

मधमाशीपालनाच्या बहुतेक पुस्तकांत वर्षाची आखणी हिवाळ्याभोवती केलेली असते, आणि ती पुस्तके ज्या देशांत लिहिली गेली तेथे ते योग्यच आहे. युरोप व उत्तर अमेरिकेत तापमान साधारण १४ अंश सेल्सियसखाली गेले की माश्या एकमेकींना बिलगून घट्ट घोळका करतात आणि साठवलेल्या मधावर ऊब राखतात. कडक थंडीच्या प्रदेशात एका वसाहतीला त्यासाठी २० किलो किंवा त्याहून अधिक मध लागतो. गोव्यात मात्र डिसेंबर-जानेवारीत आंबा आणि काजू मोहरतात, वसाहती वाढीला लागतात, आणि उपासमारीचा काळ येतो तो जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे इतरत्र ज्याला हिवाळ्याची तयारी म्हणतात, ती येथे मे महिन्यात, घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा शिधा, भरला जातो त्याच सुमारास करावी लागते.

सुट्या चौकटींची पेटी १८५१ मध्ये एका अमेरिकन धर्मोपदेशकाने सिद्ध केली. दक्षिण भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी आपल्या देशी सातेरी मधमाशीला मानवेल अशी लहान पेटी तयार केली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता असल्याने देशातील ग्रामोद्योगाच्या योजना येथे लागू होणे शक्यच नव्हते. त्या मुक्तीनंतर आल्या, आणि झाडाच्या ढोलीतले किंवा रोयणीतले (वारुळातले) पोळे धूर देऊन काढण्याच्या जुन्या पद्धतीशेजारी पेटी उभी राहिली. पुढे १९९१-९२ च्या सुमारास विषाणूजन्य रोगाने शेजारच्या कर्नाटकासह दक्षिणेतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यानंतर युरोपीय मेलिफेरा माशीकडे अनेकांचा कल झाला. परंतु ही माशी मोठ्या वसाहतीची, म्हणून अधिक खाणारी आहे. संततधार पावसात तिचा शिधा पुरवणे हे सातेरीपेक्षा खर्चाचे काम ठरते.

पावसाळ्याआधीच्या बहुतेक कामांबद्दल मधपाळांत मतभेद नाहीत. मधकक्ष, म्हणजे जादा मध साठतो तो पेटीचा वरचा भाग, उतरवावा, माश्यांनी न व्यापलेली पोळी काढून घ्यावीत म्हणजे मेणकिड्याला जागा उरत नाही, पेटी किंचित पुढे कललेली ठेवावी आणि वर झाप किंवा पत्रा टाकावा, पण हवा कोंडू देऊ नये. मुंग्यांसाठी घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्या पावसाने आपोआप भरतात हे खरे, पण पानगळीचा एखादा पूल मुंग्यांना पुरेसा होतो, त्यामुळे त्या साफ ठेवाव्याच लागतात.

खरा वाद साखरेच्या पाकाचा आहे. पाक द्यावा असे म्हणणाऱ्यांची बाजू अशी, की सलग पाऊस लागला की माश्या बाहेर पडू शकत नाहीत, फुलांतला मकरंद धुऊन जातो, राणीचे अंडी घालणे मंदावते, आणि अन्न संपले की सातेरी अख्खी वसाहत घेऊन पेटी सोडून जाते. पावसाच्या उघडिपीत नारळाचा पराग मिळतो, परंतु परागाने मकरंदाची भरपाई होत नाही. हे सारे खरे आहे. तरीही ही गरज पुष्कळदा आपणच निर्माण केलेली असते, कारण एप्रिल-मेमध्ये मधकक्षाबरोबर पिलाव्याच्या (अंडी व अळ्या असतात त्या) चौकटींवरचा मधही पिळून घेतला, की जूनमध्ये तीच तूट साखरेने भरून काढावी लागते. शिवाय दमट हवेत पातळ पाक लवकर आंबतो, तो सांडला की मुंग्या येतात, आणि सशक्त वसाहत दुबळीवर लूटमार करू लागते. पिलाव्याच्या कक्षातील मधाला हात न लावणे हा यावरचा साधा उपाय असून, त्यानंतरही पेटी हलकी लागली तरच समान वजनाची साखर व पाणी यांचा थोडा पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा, असे म्हणणाऱ्यांचे पारडे जड वाटते. थंड देशांत शरद ऋतूत दोन भाग साखरेला एक भाग पाणी घेतात. तो दाट पाक साठवणुकीसाठी असतो, येथे रोजचे पोट भरायचे असते.

गेल्या काही वर्षांत या वादाला बाजारपेठेची धार आली आहे. ऊस ज्या गटातील वनस्पती आहे त्या गटाच्या साखरेतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण बहुतेक फुलझाडांच्या मकरंदाहून वेगळे असते. त्यावर आधारलेली चाचणी देशाच्या मध-मानकांत आली असून अशा साखरेची मर्यादा ७ टक्के आहे. म्हणजे जुलैत प्रामाणिकपणे दिलेला पाक माश्यांनी पोळ्यात साठवला आणि तो पुढच्या हंगामाच्या काढणीत मिसळला, तर मधपाळाचा हेतू न विचारता नमुना नापास होऊ शकतो. २०२० मध्ये केंद्राने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांचे अभियान जाहीर केल्यानंतर नव्या मधपाळांची संख्या वाढावी अशी अपेक्षा आहे, आणि नवशिका माणूस पेटी टिकवण्याच्या काळजीने साखर सैल हाताने देतो. पाक बंद केव्हा करायचा, हा प्रश्न त्यामुळे पाक द्यायचा की नाही यापेक्षा महत्त्वाचा झाला आहे. पाऊस ओसरून रानात फुलोरा दिसू लागताच पाकाचे भांडे काढणे, पाक साठलेल्या चौकटींवर खूण करून त्या पिलाव्याच्या कक्षातच ठेवणे आणि रिकामा मधकक्ष त्यानंतरच चढवणे, हा क्रम त्यासाठी पाळावा लागतो.