गतीच्या नियमांत खेळ आले कुठून?

कॅच घेताना हात मागे का न्यायचे, कॅरमच्या सोंगट्यांची चळत लावून खालून जोरात स्ट्रायकर मारला की खालचीच सोंगटी का निसटते... एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात ही उदाहरणं आहेत, आणि आपल्याला वाटतं पोरांना झोप येऊ नये म्हणून कुणीतरी नंतर घुसडली असणार. तसं अजिबात नाहीये.

अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की ढकलणारा थांबला की वस्तू थांबते. पटण्यासारखंच आहे, बैल थांबला की गाडी थांबतेच की! घोळ व्हायचा फेकलेल्या दगडाचा, कारण हात सुटल्यावरही तो पुढे जातो, मग मागून हवा ढकलते वगैरे ओढूनताणून सांगावं लागायचं. गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून यातली हवाच काढली, आणि १६८७ मध्ये न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात पहिला नियम मांडला (बाहेरून कुणी ढकललं-अडवलं नाही तर वस्तू आहे त्याच वेगाने सरळ जात राहते), तेव्हा त्याखाली लगेच फेकलेल्या वस्तूंचं उदाहरण दिलं, आणि त्यामागोमाग चक्क भोवरा! भोवऱ्याचा प्रत्येक कण सरळ सुटायला बघतो, शेजारचे कण त्याला धरून ठेवतात म्हणून गरगर फिरत राहतो, आणि हवेने अडवलं नाही तर थांबायचं कारणच नाही. पुढच्याच वाक्यात ग्रह आणि धूमकेतू. भोवरा आणि गुरू-शनी एकाच पंक्तीला, मला हे भारी वाटतं.

वस्तू एकमेकांवर आदळल्या की काय होतं, त्या टक्करीचे नियम त्याआधीच वॉलिस, रेन आणि हायगेन्स या शास्त्रज्ञांनी काढलेले, न्यूटनने तिघांचं नाव घेतलंय. पुढे कोरिओलिसने (हो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात त्या परिणामाला ज्याचं नाव आहे तोच) १८३५ मध्ये फक्त बिलियर्ड्सवर अख्खं पुस्तक लिहिलं.

टेनिसचं तर अजून जुनं. १६७२ च्या प्रकाशावरच्या पत्रात न्यूटन सांगतो की तिरकी रॅकेट लागलेला बॉल वळत जाताना त्याने बऱ्याचदा पाहिलाय. असं का होतं त्याचा अभ्यास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास केला, तोही तोफगोळ्यांसाठी, आणि मग एडिनबराचे फिजिक्सचे प्रोफेसर टेट गोल्फच्या मागे लागले, पोरगा फ्रेडी चॅम्पियन गोल्फर होता ना. त्यांनी दाखवलं की लांब जाणाऱ्या बॉलला बॅकस्पिन असतो. उलटा फिरणारा बॉल हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर, म्हणजे तिसरा नियमच, म्हणून तो जास्त वेळ हवेत टिकतो.