छातीच्या फोटोत ‘डाग’ दिसला, आता पुढे काय?

तपासणीला येणाऱ्या मंडळींसाठी माहितीपत्रक, पुणे

रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की बहुतेक जण ते आमच्या काउंटरवरच उघडतात. आत ‘ओपॅसिटी’ किंवा ‘लीजन’ असा, म्हणजे डागासाठीचा, एखादा शब्द असतो. सोबत आलेला मुलगा किंवा सून तो शब्द मोबाइलवर शोधते आणि दोन मिनिटांत घरच्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. हे पत्रक त्या दोन मिनिटांसाठी लिहिलं आहे.

आमचं केंद्र लहान आहे. एक डिजिटल एक्स-रे मशीन, पीएफटीची (नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची) एक खोली आणि आम्ही चौघं. सीटी स्कॅन, ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीनं श्वासनळ्या आतून पाहणं), बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) आमच्याकडे होत नाही. खाली लिहिलेल्या तपासण्यांपैकी बऱ्याच तुम्हाला दुसरीकडे कराव्या लागतील, आणि डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर त्या जरूर करा.

सावलीवर नाव लिहिलेलं नसतं

एक्स-रे म्हणजे सावली. हाडं किरण अडवतात म्हणून पांढरी दिसतात, हवेनं भरलेलं फुफ्फुस काळं दिसतं. त्या काळ्या जागेत पांढरं काही दिसलं की आपण त्याला डाग म्हणतो. तो डाग न्यूमोनियाचा असेल, चालू टीबीचा असेल, वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा वण असेल, छातीत झालेलं पाणी असेल किंवा गाठ असेल. नुसत्या फोटोवरून ‘हा कॅन्सरच’ किंवा ‘हा टीबीच’ असं खात्रीनं कोणी सांगू नये, आणि आम्हीही सांगत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. बरगड्यांमागे, हृदयामागे, गळ्याजवळच्या हाडाखाली लहान गाठ दडून राहू शकते. त्यामुळे फोटो नॉर्मल आला पण खोकल्यातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, तर नॉर्मल रिपोर्ट फाइलला लावून गप्प बसू नका.

फोटोआधी आम्ही मंगळसूत्र, साखळी, ताईत काढायला सांगतो आणि वेणी वर बांधायला लावतो. काही मावशींना ते आवडत नाही. पण खांद्यावर आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या टोकावर अशी सावली टाकते की टीबीचा संशय यावा. श्वास भरून रोखायला सांगतो तेही तेवढंच महत्त्वाचं. अर्ध्या श्वासात काढलेल्या फोटोत चांगलं फुफ्फुसही दाटलेलं दिसतं. किरणांची भीती वाटत असेल तर एका फोटोचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला दहाएक दिवसांत मिळतो तेवढा. गर्भार असाल किंवा तशी शक्यता असेल तर मात्र मशीनसमोर उभं राहण्याआधी सांगा.

जुना फोटो फेकू नका

आमच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे कपाटावर गुंडाळून ठेवलेली जुनी फिल्म. चार वर्षांपूर्वी होता तसाच डाग आज असेल तर पुष्कळदा काळजी तिथेच मिटते. जुन्या फोटोत नसलेला डाग आज असेल, तर तो लहान असला तरी त्याच्या मागे लागावं लागतं. डोळ्याला फरक थोडा वाटतो, पण गोल गाठ ८ मिलिमीटरची १० मिलिमीटर झाली तर तिचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. म्हणूनच ६ ते ८ मिलिमीटरची एकटी गाठ दिसली की डॉक्टर पुष्कळदा लगेच सुईनं तुकडा न काढता ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी करायला सांगतात. ती तारीख पाळणं हाही उपचाराचाच भाग आहे. ‘काही त्रास नाही, कशाला पुन्हा पैसे घालवायचे’ म्हणून ती चुकवणारे लोक आम्ही दर वर्षी पाहतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

टीबी की कॅन्सर?

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. दोन्हींत खोकला, दोन्हींत वजन घटणं, दोन्हींत कधी बेडक्यातून रक्त, आणि फोटोत डाग. टीबी आपल्याकडे इतका दिसतो की पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि ते चूक नाही. चूक होते ती बेडका न तपासता औषधं सुरू करून वाट पाहत बसण्यात. आमच्या मामांचं हेच झालं. एका दवाखान्यात नुसता फोटो बघून टीबीची औषधं सुरू झाली, सात महिने चालली, वजन उतरतच राहिलं. शेवटी सुईनं तुकडा काढला तेव्हा कॅन्सर निघाला, आणि तोवर तो हाडांत पोहोचला होता. हे केंद्र आम्ही भावंडांनी त्यानंतर सुरू केलं. म्हणून या एका मुद्द्यावर आम्ही प्रत्येकाशी जरा जास्तच बोलतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी बेडका तपासा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत टीबीचे जंतू आहेत का हे कळतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का तेही कळतं. ही तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. महापालिकेच्या दवाखान्यात, ससूनला किंवा औंधच्या उरो रुग्णालयात चौकशी करा. टीबीसाठीच्या सरकारी निक्षय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे. नमुना सकाळी उठल्यावर द्या. आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, दोन-तीन दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते. नमुना घरात नको, मोकळ्या हवेत, बाकीच्यांपासून लांब जाऊन द्या.

टीबी निघाला तर औषधं पूर्ण करा, तो बरा होतो. पण बेडक्यात काही सापडलं नसताना औषधं चालू असतील आणि दोनेक महिन्यांत फरक नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘डॉक्टर, दुसरं काही असेल का? सीटी करायचा का?’ असं विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही.

सीटी कोणी करावा?

फोटोत संशय आला किंवा लक्षणं थांबत नसली की सीटी लागतो, त्यात वाद नाही. प्रश्न येतो तो धडधाकट माणसाचा. ‘पॅकेजमध्ये छातीचा सीटी करून टाकू का?’ असं हल्ली बरेच जण विचारतात. अमेरिकेत भरपूर धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५३ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०११ साली आला. कमी डोसच्या सीटीमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू नुसता एक्स-रे काढलेल्या गटाच्या तुलनेत २० टक्के कमी झाले. पण त्याच अभ्यासात ज्यांच्या सीटीत संशयास्पद काही दिसलं, त्यातल्या सुमारे ९६ टक्के वेळा कॅन्सर नव्हता. आपल्याकडे तर टीबीचे जुने वण घेऊन फिरणारे कितीतरी लोक आहेत, म्हणजे विनाकारण धावपळीची शक्यता आणखी जास्त. अमेरिकेत आज ही तपासणी ५० ते ८० वयाच्या, ‘२० पॅक-वर्षं’ धूम्रपान झालेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा १५ वर्षांच्या आत सोडलेल्या लोकांना सुचवतात. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पॅक-वर्ष. तुम्ही यात बसत असाल तर छातीच्या डॉक्टरांशी बोला. तिशीतल्या, कधीही न ओढलेल्या माणसाला हा सीटी आम्ही सुचवत नाही.

सुई लावली की पसरतो?

हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. छातीतल्या गाठीला सुई लावल्यानं कॅन्सर पसरणं अतिशय दुर्मीळ आहे. खरा धोका वेगळा आहे. फुफ्फुसातून हवा सुटून छातीत साठू शकते, म्हणून बायोप्सीनंतर काही तास थांबवून पुन्हा फोटो काढतात, आणि काहींना नळी घालावी लागते. तो धोका पत्करायचा कारण तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचं नाव आणि प्रकार नक्की होत नाही, आणि प्रकारावरच उपचार ठरतात. ईजीएफआर, एएलके या जनुकांतला बदल सापडला तर पुष्कळांना गोळ्यांवरचा उपचार मिळू शकतो. कधीही सिगारेट न ओढलेल्या बायकांमध्ये असे बदल जास्त आढळतात. तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तो ब्लॉक मागून घ्या आणि जपून ठेवा.

प्रत्येक धाप कॅन्सरची नसते

मुळशी-भोरकडून येणाऱ्या कितीतरी मावशींनी आयुष्यात बिडी ओढलेली नसते, पण तीस वर्षं चुलीपुढे काढलेली असतात. त्यांची धाप ही पुष्कळदा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असते, आणि ती फोटोत कळेलच असं नाही. ती कळते पीएफटीमध्ये. नळीतून जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं, मग औषधाचे पफ घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर श्वासनळ्या अडलेल्या आहेत असं धरतात. पफनंतर आकडा चांगला सुधारला तर दम्याकडे लक्ष जातं. येण्याआधी पोटभर जेवू नका, आणि कोणता पंप कधी बंद ठेवायचा ते फोन करून विचारा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा खोकल्यातून रक्त येत असेल तर आधी सांगा, ही तपासणी पुढे ढकलू.

आणि कबुतरं. गॅलरीत कबुतरांची वस्ती आणि घरात कोरडा खोकला, चालताना दम, असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुफ्फुसाला सूज येते, ती वाढत गेली तर फुफ्फुस कायमचं कडक होतं. फुफ्फुसं कडक करणाऱ्या आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांच्या नोंदींत जवळजवळ निम्म्यांना असाच, श्वासातून आत गेलेल्या कशाच्या तरी अ‍ॅलर्जीतून झालेला आजार होता. कबुतरांइतकंच बुरशी धरलेल्या कूलरकडेही बघा. हा आजार ओळखायला एचआरसीटी (फुफ्फुसाचा जास्त बारकाईचा सीटी) लागतो, पण घरात काय आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुन्या फिल्म आणि सीडी, आणि चालू औषधांची पाकिटं आणा. एक्स-रेसाठी उपाशी पोटी यायची गरज नाही. बेडक्यातून रक्त मोठ्या प्रमाणात पडत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर आमच्याकडे नंबर लावू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.