शिडाच्या होडीतील पाण्याचा बंदोबस्त

जोराच्या वाऱ्यात लहान, उघड्या शिडाच्या होडीत पाणी शिरू न देणे आणि शिरलेले लगेच बाहेर काढणे, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. खानदेशात शिडाची होडी विरळाच. तापी-गिरणेवर आणि धरणांच्या पाण्यावर मासेमारी चालते ती वल्ह्याच्या नावांवर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्यावर इंजिनाच्या बोटी फिरतात. शीड नाही म्हणून वारा नाही, असे मात्र नव्हे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किमीचा वारा ३० वर गेला की शिडावरचा जोर चौपट होतो. होडी कलते, खालची कड पाण्याला टेकते आणि तेथून पाणी लोंढ्याने आत येते. फटीतून झिरपणारे पाणी त्यापुढे किरकोळ. म्हणून खरा उपाय डबा हातात घेण्याचा नव्हे, होडी सरळ ठेवण्याचा आहे. निघण्यापूर्वीच शीड आखूड बांधावे. झोत आला की शिडाचा ताणदोर सैल सोडावा किंवा नाळ (होडीचे पुढचे टोक) थोडी वाऱ्याकडे वळवावी, आणि वजन वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर न्यावे. दोर खुंटीला पक्की गाठ मारून ठेवणे हा नवख्यांचा आवडता आळस. ऐन झोतात ती गाठ सुटत नाही.

धरणाच्या पाण्यावरील लाट समुद्रापेक्षा लहान, पण त्रास देण्यात कमी नाही. लाटेची उंची वाऱ्याचा जोर, तो वाहण्याचा काळ आणि त्याला मिळणारे मोकळे पाणी यांवर ठरते. हतनूरसारख्या गाळ साचून उथळ झालेल्या जलाशयात ती आखूड व उभी उठते. होडीची नाळ एका लाटेवरून उतरते न उतरते तोच पुढची अंगावर येते. अशा वेळी वजन किंचित मागे घ्यावे म्हणजे नाळ उचलली जाते. फार मागे घेतले तर पाणी मागच्या फळीवरून आत येते. लाट तिरकी घ्यावी. सातपुड्याच्या दऱ्यांमधील पाण्यावर अडचण निराळी: डोंगराच्या आडोशाला वारा पडतो आणि वळण ओलांडताच अंगावर येतो. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारे पावसाळ्यापूर्वीचे वादळ दिसू लागले, तर शीड उतरवून काठ गाठावा. तेथे कसबाचा प्रश्नच उरत नाही.

तरीही पाणी येतेच. साडेतीन मीटर लांबीच्या होडीत घोट्यापर्यंत पाणी म्हणजे सुमारे ३०० लिटर, अर्थात ३०० किलो. चार-पाच माणसे जादा बसल्यासारखे. शिवाय हे वजन एका जागी राहत नाही. होडी कलली की सगळे खालच्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. म्हणून थोडे असतानाच उपसावे. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बुडाकडून तिरका कापला की उत्तम उपसणी होते: मूठ शाबूत राहते आणि कापलेली पातळ कड तळाला लागून पाणी ओरपते. ती दोरीने बैठकीला बांधलेली असावी, कारण होडी उलटली की सर्वांत आधी तीच वाहून जाते. फार पाणी आले तर बादली, शेवटच्या पाण्याला स्पंज.

शर्यतीच्या होड्यांच्या तळाला आपोआप पाणी बाहेर खेचणारी झडप असते. १९४८ ते १९६० या काळात सलग चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम याच्या नावाने ती ओळखली जाते. होडी वेगात असली तरच ती काम करते. थांबलेल्या होडीत उघडी राहिली, तर तिच्यातूनच पाणी आत येते. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीत मात्र हातानेच उपसावे लागते. ती भरली तरी बुडू नये म्हणून आत हवेच्या पिशव्या बांधतात. उलटलेली होडी सोडून काठाकडे पोहत निघू नये. तरंगणारी होडी दुरून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवे, बैठकीखाली नव्हे.

काठावर ओढल्यावर उरलेले पाणी मागच्या फळीतील बूच काढून सोडतात. पुढच्या वेळी होडी पाण्यात ढकलण्याआधी ते बूच बसवले आहे की नाही, हे हात लावून पाहावे.