न्यायालयीन कर्मचारी संघटना, मराठवाडा

मराठवाड्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांमधील अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, नाझर, बेलीफ, शिपाई इत्यादी न्यायिकेतर कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक प्रश्न मांडणाऱ्या संघटना. न्यायाधीशांच्या व वकिलांच्या संघांचा यांत समावेश होत नाही.

या प्रतिनिधित्वाचा आरंभ कुठून धरावा, हे निश्चित सांगणे अवघड आहे. हैदराबाद संस्थानात १९२१ मध्ये न्यायखाते महसुली कारभारापासून अलग झाले आणि न्यायालयांचा स्वतंत्र नोकरवर्ग आकाराला आला. म्हणून मुळे निझामी अमदानीपर्यंत मागे नेता येतात. तथापि समान गाऱ्हाण्यांवर उभे राहिलेले प्रतिनिधित्व १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या दिवशी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. उर्दू दप्तरात मुरलेल्या कर्मचाऱ्याचे पद मुंबईकडच्या कोणत्या पदाशी समतुल्य धरायचे आणि दोन्हीकडची ज्येष्ठता एका यादीत कशी बसवायची, हे प्रश्न त्यातून निघाले. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ ने केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्ती कर्मचाऱ्याच्या अहिताच्या दिशेने बदलण्यास मनाई केली होती. ज्येष्ठतेच्या वादात या कलमाचा आधार मोलाचा ठरला.

कायदेशीर स्थान हा या विषयाचा गाभा होय. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) नुसार संघटना स्थापण्याचा हक्क न्यायालयीन कर्मचाऱ्यांनाही आहे. सैन्य व पोलीस यांच्यासाठी अनुच्छेद ३३ मध्ये असलेली मर्यादा त्यांना लागू नाही. परंतु १९२६ च्या कामगार संघ अधिनियमाखालील नोंदणीसाठी ‘व्यवसाय वा उद्योग’ ही अट होती. तमिळनाडूतील अराजपत्रित अधिकाऱ्यांच्या संघटनेत दुय्यम दंडाधिकारीही होते; त्यांची कामे राज्याच्या सार्वभौम स्वरूपाची असल्याने ते कामगार ठरत नाहीत, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या सुमारास दिला. बंगलोर वॉटर सप्लाय प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाची व्याख्या पुष्कळ रुंदावली, तरी सार्वभौम कार्ये बाहेरच ठेवली. न्यायदान हे अशा कार्याचे ठळक उदाहरण. मात्र साक्षीपुराव्याची नक्कल काढणारा लिपिकही त्याच सार्वभौमत्वात मोडतो काय, याची चिकित्सा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. संपाचा मूलभूत हक्क नाही, पण शांततापूर्ण निदर्शनांवर सरसकट बंदीही घालता येत नाही, ही भूमिका कामेश्वर प्रसाद खटल्यात (१९६२) स्पष्ट झाली.

दाद मागण्याचे मार्गही तोकडे आहेत. इतर राज्य कर्मचारी सेवाविषयक तक्रार घेऊन ‘मॅट’कडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जातात; परंतु प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २ ने उच्च न्यायालयाचे व दुय्यम न्यायालयांचे कर्मचारी त्यातून वगळले आहेत. दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे (अनुच्छेद २३५) आणि त्याच्या प्रशासकीय आदेशाविरुद्धची रिट याचिकाही तेथेच. पैसा मात्र राज्य शासनाचा. त्यामुळे वेतनाची मागणी दोन दारांशी अडखळते. संघटनेचे मुख्य साधन म्हणूनच निवेदन हे होय. ते जिल्हा न्यायाधीशांमार्फत, म्हणजे ‘योग्य मार्गाने’, वर जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा (स्थापना २७ ऑगस्ट १९८१) नोकरवर्ग उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या अनुच्छेद २२९ खाली येतो. जिल्हा न्यायालयांची आस्थापना त्याहून वेगळी.

बेलिफाचे काम या सर्वांत निराळे. प्रतिवादी घरी न सापडल्यास तो समन्सची प्रत बाहेरच्या दाराला डकवतो. घर कोणी दाखवले, कोणासमक्ष प्रत डकवली, हे अहवालात लिहितो. ताब्याचे वॉरंट घेऊन गेल्यावर शिव्या व प्रसंगी मारहाण त्याच्याच वाट्याला येते. प्रवासखर्च व सुरक्षितता हे त्याचे प्रश्न लिपिकवर्गाच्या मागण्यांत दबून जाऊ नयेत.

वेतनाबाबत न्या. के. जगन्नाथ शेट्टी आयोगाचा (पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग) न्यायिकेतर कर्मचाऱ्यांविषयीचा अहवाल (२००३) महत्त्वाचा. त्याच्या अंमलबजावणीचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिले. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांच्या (ज्यांना जुन्याऐवजी अंशदायी योजना लागू झाली) निवृत्तिवेतनाचा प्रश्न इतर राज्य कर्मचाऱ्यांप्रमाणे यांनाही भिडतो.